सरूची आखणी

गावातच, हमरापूरला, गाडी थांबते, तरीही काळुराम रिक्षाने पेणपर्यंत गेला आणि तिथून रोह्याच्या गाडीत चढला. खिडकीशी अंग चोरून बसला. हमरापूरच्या फलाटावर चढला असता तर कुठे निघालास, कशाला निघालास, हे दहा जणांना सांगत बसावं लागलं असतं, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. कॅमेरे पेणमध्येही मिळत होते. पण पेणच्या बाजारात काळुरामने साधा ब्रश घेतला तरी ती बातमी त्याच्या आधी घरी पोचायची. गणपतीच्या कारखान्यांची गावं आणि पेणचा बाजार यांचं नातंच तसं. रंगवाल्यापासून सुतळीवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना घरच्या नावाने ओळखणारे. आणि ही खरेदी सरूला कळून चालणार नव्हती, निदान वस्तू हातात पडेपर्यंत तरी.

सरू त्याची बायको. लोक काळुरामचा कारखाना म्हणत, पण गिऱ्हाईक यायचं ते सरूच्या आखणीसाठी. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी तिचे डोळे काढले जातात. त्याला आखणी म्हणायचं. तोवर ती माती असते. आखणी झाली की जवळ उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. सरू हे काम माहेरी जोह्याला बापाच्या हाताखाली शिकली होती. वरच्या पापणीची रेघ ती नाकाकडून सुरू करायची आणि कानाकडे नेऊन सोडायची, एका दमात, मध्ये ब्रश न थांबवता. लग्न होऊन आली त्या वर्षी काळुरामने ते पहिल्यांदा पाहिलं आणि हातातली पाण्याची बादली तशीच धरून उभा राहिला. त्याची आई म्हणाली होती, "बादली ठेव खाली. बायको पळून नाय जात."

त्यानंतर मात्र बघणं झालंच नाही. आखणीच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आत बोलायचं नाही, फिरायचं नाही, दार उघडून वारा आत सोडायचा नाही, हा घरातला नियम आईनेच घातलेला होता आणि आई गेल्यावरही तो तसाच राहिला. माती, साचे, गिऱ्हाईक, टेंपो हे काळुरामचं. दाराच्या आतलं सरूचं. मूर्ती बाहेर यायची ती चेहऱ्यावर पातळ कागद बांधूनच. तो कागद गिऱ्हाइकाने घरी मूर्ती बसवतानाच सोडायचा. काळुराम कागदासकट मूर्ती उचलायचा आणि टेंपोत ठेवायचा. पुढे कोणाची दीड दिवसाने, कोणाची पाच दिवसांनी, फार तर अनंत चतुर्दशीला, पण प्रत्येक मूर्ती पाण्यातच जायची. सरूच्या हातचं काही म्हणता काही या जगात शिल्लक नव्हतं. त्याचं कधी कोणाला काही वाटलंही नव्हतं. धंदाच पाण्यात सोडण्याचा.

गेल्या हिवाळ्यात त्याची सून वैशाली सरूला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काळुरामला साचे धुवायचे होते, तो गेला नाही. परत आल्यावर वैशालीने ओट्याशी उभ्या उभ्या सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल. औषध असं काही नाही.

"लगेच काय नाय आबा," ती म्हणाली. "यंदाचं काम होईल."

यंदाचं. तो शब्द काळुरामच्या मनात रुतून बसला. यंदाचं होईल म्हणजे पुढच्याचं होणार नाही. सरू पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. त्या क्षणी त्याच्या मनाने घेतलं की यंदाच्या मूर्तींपैकी एकीचे तरी डोळे राखून ठेवायचे. पाण्यात जाऊ द्यायचे नाहीत.

त्याने आधी मुलाच्या फोनवर करून पाहिलं. हर्षदने मुकुटाच्या नक्षीचा जवळून फोटो काढला. नक्षी मेणासारखी गुळगुळीत आली. ब्रशच्या केसांचा माग नाही, रंग कुठे दाट, कुठे पातळ, काही नाही.

"फोन आपल्या मनानं सुधारतो, आबा," हर्षद म्हणाला. "जसं हाय तसं पायजे तर मोठा कॅमेरा लागेल. रोह्याला हाशिमभाई हायत, माझ्या कंपनीच्या रस्त्यावर. बरीच वर्षं मस्कतला फोटोच काढत होते. फसवणार नायत." मग थांबून त्याने विचारलं, "आईला सांगू?"

"नको."

हाशिमभाईचं दुकान लहान होतं. पुढे पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा, मागे काचेच्या कपाटात कॅमेरे, आणि प्रत्येक फळीवर एक बल्ब कायमचा पेटलेला. काळुराम दारातच चपला काढायला लागला.

"राहू दे काका, हे काय देऊळ नाय," हाशिमभाई म्हणाला. पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. "बोला. लग्न हाय का घरात?"

"नाय. मूर्तीचे फोटो काढायचेत."

"आख्ख्या मूर्तीचे?"

"डोळ्यांचे."

हाशिमभाईने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "म्हंजे तुमाला काय पायजे ते तुमाला ठाऊक हाय. इथं येतात ते पहिलं विचारतात, सगळ्यात मोठा कुठला हाय?"

त्याने कपाटातून दोन-तीन कॅमेरे काढून मांडले. काळुराम हात मागे बांधून बघत राहिला. सगळे काळे, सगळे सारखेच. एवढ्या लांब येऊन आपण उगाच या माणसाचा वेळ खातोय, असं त्याला वाटायला लागलं. आपल्याला यातलं काय कळतं? मातीत पाणी किती घालायचं ते कळतं, एवढंच.

"बॉडीवर जास्ती घालवू नका," हाशिमभाई सांगत होता. "बॉडी म्हंजे पेटी. जुनी चालेल, वापरलेली चालेल. सगळा खेळ काचेचा. लोक उलटं करतात. बॉडी घेतात भारीतली आणि तिच्यासोबत फुकट आलेली लेन्स लावून फिरतात. मग म्हणतात, कॅमेरा खराब हाय."

"आणि हा? याच्यात बघायची खिडकीच नाय."

"हा नव्या जातीचा. याच्यात आरसा नसतो. तुमी पडद्यावर बघता. हल्ली सगळे हेच घेतात, म्हणून तर आरशावाले माझ्याकडे स्वस्तात येऊन पडलेत." त्याने आरशावाला कॅमेरा काळुरामच्या हातात दिला. "हां, डोळा लावा. आता बाहेर बघा."

काळुरामने खिडकीला डोळा लावला. समोरच्या टपरीवर एक माणूस वडा फुंकून खात होता.

"हे चित्र नाय. तो माणूसच हाय," हाशिमभाई म्हणाला. "काचेतून आत आला, आरशावरनं वर गेला, तुमच्या डोळ्यात उतरला. मध्ये कोणी सुधारत बसलं नाय."

काळुराम बराच वेळ बघत राहिला. माणसाचा वडा संपला तरी बघत राहिला. मग म्हणाला, "हाच."

लेन्स निवडायला जास्त वेळ गेला. पहिली लावून हाशिमभाईने दुकानातल्या कॅलेंडरचा फोटो काढला; काळुरामला तो ठीक वाटला. मग त्याने आखूड, जड अशी दुसरी लेन्स लावली. मॅक्रो म्हणतात हिला, अगदी जवळ जाता येतं. "हात द्या," तो म्हणाला, आणि काळुरामच्या अंगठ्याचा फोटो काढून तो पडद्यावर मोठा केला. अजून मोठा केला. अंगठ्याच्या भेगा शेतातल्या भेगांसारख्या दिसायला लागल्या आणि प्रत्येक भेगेत पांढरी शाडू बसलेली होती. काळुराम येताना साबणाने हात धुऊन आला होता. त्याने हात खिशात घातला.

"ही काच कोणाचं मन राखत नाय," हाशिमभाई हसून म्हणाला. "नवरीमुलींचे फोटो मी हिच्यानं कधी काढत नाय. पोटावर पाय येईल."

मग कॅमेरा बसवायची तिपाई आली. काळुराम म्हणाला, मूर्ती हलत नाही आणि माझाही हात हलत नाही.

"श्वास तर घेता ना? एवढ्या जवळनं श्वास पण दिसतो. तिपाई घ्याच. आणि बटण बोटानं दाबू नका, टायमर लावा, दाबून बाजूला व्हा." फ्लॅश त्याने स्वतःच परत कपाटात ठेवला. रंगावर चकाकी येईल. खिडकीपाशी ठेवा, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा, झालं. मेमरी कार्ड, जादा बॅटरी, काच पुसायचं फडकं. शेवटी एक हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या.

"हे कशाला?"

"काका, आपल्याकडे भिंतीला बुरशी येते, लोणच्याला येते. काचेला नाय येणार? आत जाळं धरलं की गेली लेन्स."

"डब्यात तांदूळ घालून ठेवले तर?"

"सगळे हेच विचारतात. तांदळाची भुकटी बसते. आणि नुसता डब्यात ठेवू पण नका. काढायचा, वापरायचा." सामान भरता भरता त्याने विचारलं, "पहिलाच ना? घरी सांगितलंय?"

"नाय."

"मग बिल इथंच ठेवून जा."

पुढचे काही दिवस काळुराम दुपारी मातीच्या खोलीत जाऊन माहितीपुस्तिका वाचत बसे. इंग्रजी शब्द अडले की हर्षदचा जुना शब्दकोश काढी. वाळत घातलेल्या कच्च्या मूर्तींवर लेन्स रोखून बघे, पण बटण दाबत नसे. अर्धवट मूर्ती कोणाला दाखवायची नाही, हे त्याच्या अंगातच मुरलेलं होतं. कॅमेरा झाला तरी तोही बघणाराच. मनात एकच होतं. पहिली आखणी होईल त्या दिवशी, कागद बांधायच्या आधी.

तो दिवस आषाढ संपताना आला. सकाळपासून सरू आणि वैशाली आखणीच्या खोलीत होत्या. वैशाली आत असते ती रंग कालवायला, सासूच्या हाताशी, असं काळुराम धरून चालला होता. दुपारी दार उघडलं तेव्हा तो कॅमेरा घेऊन पडवीत उभा होता.

"हे काय?" सरूने विचारलं. तिला ती काळी वस्तू नीट दिसली नसावी. तिने मान जराशी वळवली.

"कॅमेरा. मोठा. डोळ्यांचे फोटो काढतो. तू काढलेल्या." त्याने पुढचं पाठ केलं होतं, पण ते आठवेना. "पाण्यात जातात गो सगळे. एक तरी राहील."

वैशालीच्या हातात कागद आणि दोरा होता. ती म्हणाली, "आबा, बसवायच्या आधी बघू नये म्हणतात."

"मी मागतोय ते एकदाच."

"काढू दे त्यांना," सरू म्हणाली. आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली.

त्याने मूर्ती बाहेर पडवीच्या खिडकीशी आणून ठेवली. पुठ्ठा उभा केला. तिपाईचे पाय पसरले, चष्मा पुसला, टायमर लावला, बटण दाबलं आणि श्वास धरून बाजूला झाला. आरसा आत खाडकन उडाला. मग हाशिमभाईने शिकवल्याप्रमाणे त्याने फोटो पडद्यावर आणला आणि मोठा करत गेला.

डोळा देखणा होता. रेघ नाकाकडून निघाली होती, सावकाश वर चढली होती, आणि मधोमध, कमानीच्या माथ्यावर, किंचित जाड झाली होती. तिथे ब्रश थांबला होता. पुन्हा टेकला होता. नव्या रेघेचं टोक जुन्या रेघेवर चढलेलं स्पष्ट दिसत होतं. काळुरामने दुसरा डोळा मोठा केला. तिथेही तेच.

सरूचा हात थकला असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण थकलेला हात कापतो, ही रेघ कापलेली नव्हती. ती तरण्या हाताची होती. फक्त तिला अजून धीर नव्हता. त्याने वर पाहिलं. वैशाली कागद धरून उभी होती. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला काळा रंग लागलेला होता.

"बांध कागद," तो म्हणाला.

संध्याकाळी सरू पडवीत त्याच्याजवळ येऊन बसली. दिवा लावायची वेळ झाली होती, पण कोणी लावला नव्हता.

"पोरीची रेघ मध्ये थांबते," ती म्हणाली. "त्या यंत्रात दिसलं असंल तुमाला."

काळुरामने मान हलवली. मग तिला ते दिसत नसेल हे लक्षात येऊन म्हणाला, "दिसलं. कधीपास्ना?"

"गेल्या श्रावणापास्ना."

"गेल्या?"

"पनवेलला मागनं गेलो. दिसायचं आधीच गेलेलं. मधोमध कोणी बोट टेकवल्यासारखं काळं. सोंड दिसते, कान दिसतात. डोळा जिथं काढायचा तिथं काय नाय."

"मला नाय सांगितलंस."

"सांगून काय? तुमी कारखाना बंद केला असता."

"नसता केला."

"केला असता. ही आखते म्हणून मी माती मळतो, हे तुमी टेंपोवाल्याला पण सांगता. मग घरात बसून भिंतीकडं बघितलं असतंत. मी पण भिंतीकडं, तुमी पण भिंतीकडं." ती थोडी हसली. "पोरीचा हात चांगला हाय. सुटेल अजून."

आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. काळुरामच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. तो यंदाची शेवटची म्हणून जपत होता, आणि शेवटची केव्हाच होऊन गेली होती.

"शेवटची कुठली होती?"

सरूला आठवावं लागलं नाही. "नागोठण्याची. मोठी. लोडाला टेकलेली. अर्धी रेघ दिसत होती, अर्धी सवयीनं काढली. झाली आणि कळलं, आता नाय जमायचं. म्हटलं तुमाला हाक मारावी. एकदा बघा म्हणावं."

"मग?"

"टेंपो लागला होता. तुमी दाराबाहेरनं म्हणालात, आटप गो, पावसाचा भरवसा नाय. मी कागद बांधला."

काळुराम ती मूर्ती आठवायला लागला. नागोठण्याच्या मूर्ती दरवर्षी जात. टेंपो दररोज लागे, पाऊस दररोज येई, आटप तो दररोज म्हणे. त्यातली ती कुठली, हे त्याला सापडेना. मोठी होती म्हणजे त्यानेच उचलली असणार. मोठी मूर्ती तो दुसऱ्या कोणाला उचलू देत नसे. उचलताना चेहरा खांद्याशी येतो. म्हणजे ते डोळे त्याच्या खांद्याला टेकले असणार, मध्ये फक्त पातळ कागद. आणि त्याचं लक्ष टेंपोच्या फाळक्याकडे असणार.

"कॅमेरा परत देतो," तो म्हणाला. "हाशिमभाई घेईल."

"कशाला? तिचे काढा. पोर दुपारपास्ना जेवली नाय. तिला वाटतं तुमी रागावलात, तिनं फसवलं तुमाला." सरू उठली, भिंतीला हात लावून उभी राहिली. "माझं बघायचं राहिलं. तिचं तरी बघा."

तिने ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते भाताला पाणी ठेवा म्हणावं तसं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुराम आखणीच्या खोलीत शिरला. इतकी वर्षं घर त्याचं, पण या खोलीला एवढी मोठी खिडकी आहे हे तो विसरला होता. वैशाली मूर्तीपुढे बसली होती. रडून तिचे डोळे सुजलेले होते. सरू कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून.

"आबा, तुमी बघताय तर हात नाय चालत माझा."

"चालेल गो," सरू म्हणाली. "त्यांना सवय नाय, तेच जास्ती घाबरलेत."

वैशालीला नाइलाजाने हसू आलं. मग तिने ब्रश ओला केला, टोक ओठांशी धरून बारीक केलं, आणि खोलीत बोलणं बंद झालं. काळुरामने खिडकीला डोळा लावला. कॅमेऱ्यात मूर्तीचा कोरा चेहरा एवढा जवळ आला की त्याला मागे सरकावंसं वाटलं. ब्रश कडेने आत आला. टेकला. रेघ निघाली. आता तो बघत होता. रंग मातीत कसा शिरतो ते, ब्रशचे केस कसे वाकतात ते. रेघ माथ्यावर चढून थांबली. वैशालीने श्वास घेतला.

त्याने बटणाकडे हात नेला आणि सहज मान वर केली. सरू मूर्तीकडे बघत नव्हती, तिचं तोंड दाराकडे होतं. तिने उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर, साडीवर टेकवलं होतं. बोट सावकाश सरकत होतं. वर चढलं, न थांबता माथ्यावरून गेलं, खाली उतरलं आणि कडेला जाऊन हलकेच उचललं गेलं. मग पुन्हा सुरुवातीला आलं. आपण हे करतोय हे तिला ठाऊक होतं असं वाटलं नाही.

काळुरामने तिपाईचा स्क्रू सैल केला. कॅमेरा आवाज न करता मूर्तीवरून वळवला, कोपऱ्याकडे आणला. खिडकीत गुडघा आला, धुऊन धुऊन विरलेल्या साडीची वीण आली, बोट आलं. बोट जिथून जात होतं तिथलं कापड क्षणभर दबत होतं आणि पुन्हा वर येत होतं. त्याने टायमर लावला नाही. बोटानेच दाबलं.

पडद्यावर फोटो आला. त्याने तो मोठा केला. अजून मोठा केला. साडीचा धागा न धागा दिसत होता, नखाच्या कडेला राहिलेला जुना रंग दिसत होता. रेघ कुठेच नव्हती.

"काढला?" सरूने विचारलं.

"काढला."

"कसा आलाय तिचा डोळा?"

कॅमेरा कुठे वळलाय ते वैशालीने पाहिलं होतं. तिने मान खाली घातली आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"चांगला," काळुराम म्हणाला.